डी फॉर धीर!

"मॅडम, गिअरबॉक्स गेला."

सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाचं बीपी वाढवायला एवढे तीन शब्द पुरतात. माझंही वाढलं. पुढचा आकडा ऐकून तर चक्कर यायचीच बाकी होती. ९५,००० रुपये! मुळात गाडीच २ लाख १० हजारांना घेतलेली. म्हणजे जवळपास अर्धी गाडी पुन्हा विकत घ्यायची. आणि हे निदान करायला वेळ किती लागला? १० मिनिटं. माझा चहा संपायच्या आत.

पण मी जरा पुढे पळाले. रिव्हर्स घेते आणि पहिल्यापासून सांगते.

डाव्या पायाची सुट्टी

बाबा औषध कंपनीत एमआर होते. २८ वर्षं. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर हा त्यांचा पट्टा. आधी स्कूटर, मग गाडी. त्यांच्या डाव्या पायाने आयुष्यात किती वेळा क्लच दाबला असेल, देव जाणे. रिटायर झाल्यावर गुडघ्याने त्याचं बिल पाठवलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, आतली गादी झिजलीय. ऑपरेशनचं पुढे बघू, पण ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसणं बंद.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने," बाबा म्हणाले. मी शेजारी बसून मान डोलावली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबांचा एक कार्यक्रम ठरलेला आहे. दर रविवारी सकाळी रामटेकला जायचं. तिथे आमची आत्या राहते. एकटी, आणि वयाने बाबांपेक्षा बरीच मोठी. जाताना तिची औषधं न्यायची, जेवायचं, तिच्याशी भांडायचं आणि संध्याकाळी परत यायचं. बस आहे, टॅक्सी आहे, मी आहे. पण बाबांना कोणी नेलेलं नको असतं, त्यांना स्वतः जायचं असतं. मग उपाय एकच. ऑटोमॅटिक. दोन पेडल, डाव्या पायाला फुल सुट्टी!

नवीन घेण्याइतका माझा बजेट नव्हता. सहा महिने शोधून २०१२ मॉडेलची एक छोटी हॅचबॅक मिळाली. एमएच ३१, एका हातात वापरलेली, ५८,००० किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बिचारीची यात काही चूक नव्हती. घेताना मी काय काय तपासलं? एसी. म्युझिक सिस्टिम. सीट कव्हर. टायर. गाडी सुरू झाली, डी टाकला, गाडी चालली. डन! ज्या वस्तूसाठी गाडी घेत होते, ती सोडून मी बाकी सगळं बघितलं.

ऑटोमोटिव्ह चौकातली दुपार

नागपूरचा मे म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मी सांगतेय तो रविवार तितका नसेल, पण डांबर मऊ झालं होतं एवढं नक्की. त्या दिवशी मीही बाबांबरोबर रामटेकला गेले होते. परतताना मनसर, कन्हान, कामठी असं करत आम्ही ऑटोमोटिव्ह चौकाच्या सिग्नलला आलो. एसी फुल. एफएम त्याहून फुल.

सिग्नल सुटला. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, काटा वर चढला, पण गाडी जागच्या जागी. एक सेकंद. दोन सेकंद. मग मागून कोणीतरी लाथ मारावी तसा झटका, आणि गाडी सुटली. पुढच्या ५० मीटरमध्ये डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी अशी जड झाली, जणू चढावर कुणी तिसऱ्या गिअरमध्ये उचलतंय.

खरोखर तसंच झालं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कंप्युटरला काही गंभीर गडबड जाणवली की तो गिअर बदलणं बंद करतो आणि एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. बऱ्याच चार गिअरच्या गाड्यांमध्ये हा तिसरा असतो. याला लिंप मोड म्हणतात. लंगडत का होईना, पण घरी पोहोच! एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही गाडी कडेला घेतली.

आणि नागपूर मदतीला धावलं! पाच मिनिटांत चार जण जमले. एक म्हणाला, धक्का मारू, सुरू होईल. दुसऱ्याने त्याच्या पिकअपमधून दोर काढला. "बांधा ताई, सोडून देतो गॅरेजपर्यंत."

तेवढ्यात हाताला ग्रीस लागलेले एक पन्नाशीचे गृहस्थ पुढे आले. "दोर नको बांधू रे. ऑटोमॅटिक आहे ती. ओढशीन तर उरलीसुरली जाईन."

ते बरोबर होते. या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग कोरडे घासताहेत. म्हणून पुढची चाकं गाडी ओढत असतील, तर ती जमिनीवर ठेवून टो करायचं नाही. फ्लॅटबेड मागवायचा. आणि धक्का मारून तर या गाड्या सुरूच होत नाहीत, कारण चाकं आणि इंजिन यांच्यात घट्ट जोड नसतो.

जाता जाता त्या भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला. "तेल कधी पाहिलं होतं?"

"मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय," मी ऐटीत सांगितलं.

ते हसले. "इंजिनचं नाही विचारून राहिलो, ताई. गिअरबॉक्सचं."

गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं? मास कॉमची डिग्री, शेकडो बायलाइन, आणि हे मला माहीत नव्हतं!

'विकून टाकू, बेटा'

फ्लॅटबेडने गाडी एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये गेली. काचेची केबिन, थंडगार एसी, फ्री चहा. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला, दोन कोड आले, आणि वर लिहिलेलं ते वाक्य आलं. बॉनेट उघडलेलं मला तरी दिसलं नाही.

इथे एक फेअर गोष्ट सांगते. ते लोक फसवत होते असं मला वाटत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणारे हात कमी आहेत, वेळ फार लागतो, आणि काम करून पुन्हा बिघडलं तर ग्राहक भांडायला येतो. त्यापेक्षा अख्खं युनिट बदला, वॉरंटी द्या, विषय संपला. त्यांच्यासाठी ते सोपं होतं. माझ्या बँक बॅलन्ससाठी नव्हतं.

रात्री घरी शांतता होती. बाबा जेवले नाहीत. मग म्हणाले, "विकून टाकू, बेटा. जे येतील ते येतील. मी बसने जात जाईन."

मी म्हटलं, एकदा ते ग्रीसवाले भाऊ काय म्हणतात ते ऐकू. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑटोमोटिव्ह चौक गाठला. गॅरेज म्हणजे एक शेड, एक कडुलिंब आणि बाजूला तर्री पोह्याचा ठेला. गाडी अजून वर्कशॉपमध्येच होती. मला वाटलं, आधी गाडी आणा म्हणतील. ते म्हणाले, आधी बसा.

मग प्रश्न सुरू झाले. इंजिन थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर? फक्त डी टाकल्यावर की आरमध्ये पण? सगळ्या गिअरला की एखाद्याच? एकदम झालं की हळूहळू? शेवटचं काम काय केलं होतं? गाडी कधी टो झाली होती का?

मी धडाधड उत्तरं देत होते. "एकदम झालं. कालच. त्याआधी काहीच नव्हतं."

"असं नाही होत ताई एका दिवसात," भाऊ म्हणाले. मग बाबांकडे वळले. "काका, गाडी तुम्ही चालवता नं? तुम्ही सांगा. सांगितलंच नाही तर मी काय ज्योतिषी आहो का?"

बाबा थोडा वेळ कडुलिंबाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दिवाळीपासून."

दिवाळी! म्हणजे सहा-सात महिने! सकाळी पहिल्यांदा डी टाकला की गाडी लगेच घ्यायची नाही. आधी एक सेकंद, मग दोन. बाबा मनात आकडे मोजायचे. मग त्यांनी पाच मिनिटं गाडी सुरू ठेवून मग निघायची सवय लावली. नंतर पार्किंगच्या टाइल्सवर लाल डाग पडायला लागले. आई ओरडेल म्हणून त्यांनी गाडीखाली पुठ्ठा टाकला. डाग मोठा झाला की पुठ्ठा बदलायचा. तीन पुठ्ठे झाले होते.

"बाबा, मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू म्हणाली असती, गाडी उभी करा." थोडं थांबून म्हणाले, "मग रामटेक कसं झालं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी खरंच तसंच म्हटलं असतं. वर मीही त्या गाडीत कित्येकदा बसले होते. झटका मला जाणवला नव्हता असं नाही. मी एफएमचा आवाज वाढवला होता.

दोन टेबल फॅन आणि लाल तेल

दुपारी गाडी फ्लॅटबेडवरून शेडमध्ये आली. पुढचे दोन तास मी जे शिकले, ते गाडी घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

आधी बेसिक फंडा. 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली, आणि तिथून आपल्याकडे स्वस्तातल्या ऑटोमॅटिकची लाट आली ती ही. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि एक पट्टा असतो, ठरावीक गिअरच नसतात. ड्युअल क्लचमध्ये नावाप्रमाणे दोन क्लच. आणि चौथी, सगळ्यात जुनी जात म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. आमची गाडी ही. प्रत्येकीचे आजार वेगळे आणि तेलही वेगळं. म्हणून जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न हाच. ऑटोमॅटिक, पण कोणती?

टॉर्क कन्व्हर्टर समजायला अगदी सोपा आहे. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागेल. गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, मध्ये फक्त तेल. जर्मन इंजिनिअर हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये हे तत्त्व जहाजांसाठी शोधलं होतं. पुढे जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांना हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, आणि तेलावर चालणारं हे तंत्र घरोघरच्या गाड्यांत आलं.

म्हणजे बघा, या गिअरबॉक्समध्ये तेल हे नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद तेच पोहोचवतं. गिअर बदलण्यासाठी आतल्या क्लच प्लेट दाबायच्या असतात, तो दाबही तेलाचाच. आणि आतली उष्णता बाहेर नेण्याचं कामही त्याचंच. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. फेस होतो. दाब पडतो. प्लेट नीट धरत नाहीत, घसरतात. घसरल्या की तापतात. तापल्या की तेल जळतं, आणि जळलेलं तेल आणखी वाईट धरतं. त्यात वरून नागपूरचा मे, खाली तापलेलं डांबर, आणि सिग्नलला उभं राहिलेलं असताना रेडिएटरला वारा नाही. आमची गाडी नेमकी सिग्नललाच का गेली, ते मला तेव्हा कळलं.

भाऊंनी डिपस्टिक काढली. पांढऱ्या फडक्यावर टेकवली. चांगलं तेल लालसर आणि पारदर्शक असतं. आमचं तपकिरी होतं आणि खुणेच्या बरंच खाली. "वास घ्या," ते म्हणाले. तव्यावर करपलेल्या भाकरीसारखा वास. तेल गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं असतं, तर मामला आणखी वाईट. त्याचा अर्थ रेडिएटरमधलं पाणी गिअरबॉक्समध्ये शिरतंय.

"पण स्कॅनरने तर सांगितलं नं, गिअरबॉक्स गेला?" मी विचारलं.

त्यांनी त्यांचा स्कॅनर लावला. तेच दोन कोड. पी ०७०० आणि पी ०७३०. पहिला फक्त एवढं म्हणतो की गिअरबॉक्सच्या कंप्युटरने काहीतरी चूक नोंदवलीय. दुसरा म्हणतो की गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग यांचा हिशोब जुळत नाही. म्हणजे आत घसरण आहे. का आहे, ते कोड सांगत नाही.

"ताप आहे, हे थर्मामीटर सांगते," भाऊ म्हणाले. "मलेरिया हाये का डेंगू, ते नाही सांगत."

डी आणि आर दोन्हीकडे उशीर, हा त्यांच्यासाठी मोठा पुरावा होता. एखादीच प्लेट संपली असती, तर त्रास ठरावीक गिअरपुरता राहिला असता. सगळीकडे त्रास, म्हणजे सगळ्यांना लागणारी गोष्ट कमी पडतेय. तेल किंवा त्याचा दाब. मग गेलं कुठे तेल? बाबांचा पुठ्ठा आता कामी आला. डाग गाडीच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यात पडायचा, हे बाबांना पाठ होतं. भाऊ खाली शिरले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे जातं, त्या वाटेवरचा रबरी पाइप. २०१२ पासूनचा तोच. उन्हाने कडक होऊन क्लिपजवळ तडकलेला. थेंब थेंब करत सहा-सात महिन्यांत जवळपास एक लिटर तेल गेलं होतं.

पण पाइप बदलला आणि सुखाने नांदले, असं नाही. खालचं पॅन उघडलं. त्यात एक लोहचुंबक असतं, झिजलेला लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. त्यावर राखाडी मऊ लेप होता. तो वयोमानाने येतोच. धातूचे तुकडे असते, तर ते ९५,००० खरे ठरले असते. तुकडे नव्हते. पण पॅनमध्ये काळी भुकटी होती. प्लेटवरचा जो थर घर्षणाने पकड घेतो, त्याची ती भुकटी.

"दिवाळीत आले असते, तर हे नसतं झालं," भाऊ म्हणाले. रागावून नाही, सहजच. बाबांनी मान खाली घातली.

नवा पाइप, क्लिपा, गॅस्केट ९५० रुपये. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल, दोन वेळा मिळून ८ लिटर, ५,६०० रुपये. मजुरी १,८००. टोटल ८,३५०. दोन वेळा यासाठी की नट उघडून सगळं तेल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून एकदा बदलायचं, ३०० किलोमीटर चालवायचं आणि पुन्हा बदलायचं. प्रेशरने धुऊन काढू का, असं मी विचारलं, तर त्यांनी हात जोडले. इतक्या जुन्या बॉक्समध्ये साचलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकला, तर नवीन दुखणं.

घ्यायच्या आधी, एवढं करा

तुमच्यापैकी कितीतरी जण मिहानच्या ऑफिसला जायला-यायला सेकंड हँड ऑटोमॅटिक शोधत असाल. माझी चूक तुम्ही करू नका.

गाडी थंड असताना बघायला जा. मालकाला आधीच सांगून ठेवा, सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर विचारा का. मग ब्रेकवर पाय ठेवून पीमधून आर, आरमधून डी टाका आणि मनात मोजा. एका सेकंदाच्या आसपास गाडीने हलकेच पकड घ्यायला हवी. उशीर किंवा 'धडाम' दोन्ही वाईट.

मग निदान अर्धा तास चालवा. सेमिनरी हिल्सचा चढ त्यासाठी बेस्ट. चढावर इंजिनचा आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाही, म्हणजे घसरण. मग सीताबर्डीच्या गर्दीत न्या, गाडी पूर्ण तापू द्या, आणि पुन्हा डी-आर करा. काही आजार थंडीत दिसतात, काही तापल्यावरच.

परत आल्यावर तेल बघा. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, तेल गरम असताना, इंजिन चालू आणि लिव्हर पीमध्ये ठेवून बघतात. काहींमध्ये इंजिन बंद करून. काहींना डिपस्टिकच नसते, मग गॅरेजमध्येच तपासावं लागतं. गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा. आणि मालकाला विचारा, गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं? इंजिनचं नाही, गिअरबॉक्सचं! बिल दाखवलं तर उत्तम.

आणि एक. प्रत्येक झटका गिअरबॉक्सचा नसतो. खराब स्पार्क प्लग किंवा कॉइलमुळे इंजिन अडखळलं, तरी तसंच वाटतं. इंजिनचे रबरी माउंट गेले, तर डी टाकताच दणका बसतो. बॅटरी मरायला टेकली, तर कंप्युटर भलतेच कोड देतो. स्वस्तातलं आधी तपासायचं, महागातलं शेवटी. कोणी उलट क्रमाने जात असेल, तर चहा पिऊन निघा.

आता

गाडी विकली नाही. तिसऱ्या गिअरला, फार तापली असेल तर, अजून एक पुसटशी घसरण जाणवते. ती झालेली झीज आहे, ती परत येणार नाही. किती दिवस चालेल, असं मी भाऊंना विचारलं. वर्षभरही चालेल, तीन वर्षंही, ते म्हणाले. तेल बघत राहा, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीचा आर करू नका, चढावर आधी हँडब्रेक ओढा आणि मग पी टाका. आणि काही वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी सांगा.

हे शेवटचं त्यांनी बाबांकडे बघून सांगितलं. मी पण ऐकलं.

आता आमच्या घरी एक करार आहे. बाबांनी सगळं सांगायचं आणि मी ऐकल्या ऐकल्या 'गाडी उभी करा' म्हणायचं नाही. रविवारी सकाळी बाबा बॉनेट उघडतात, डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टेकवतात आणि मला हाक मारतात. मी झोपेतच येते, लाल रंग बघते, वास घेते, ओके म्हणते. मग ते रामटेकला निघतात. त्यांनी एफएम बंद ठेवायला सुरुवात केलीय.

गेल्या महिन्यात आम्ही गुडघ्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. नवा एक्स-रे, तोच दिवा, तोच प्रश्न. "कधीपासून दुखतंय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

"सात वर्षं," ते म्हणाले. "जिना चढताना आधी उजवा पाय टाकतो. कोणाला कळू दिलं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता नीट सांगा."